सहावीचे गणित, इतिहास आणि भूगोल एकत्र शिकवण्याबाबत मदत हवी आहे

माझी मुलगी राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातून यंदा सहावीत गेली आहे. पाचवीपर्यंत परिसर अभ्यासात एकत्र असलेले विषय आता सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल असे वेगळे झाले असून, एका पुस्तकातले दुसऱ्या पुस्तकाशी जोडलेले आहे हे तिच्या लक्षातच येत नाही.

गणितात ती पूर्णांकांची संख्यारेषा अचूक काढते, म्हणून मी तीच रेषा इतिहासासाठी वापरली आणि शून्याच्या डावीकडे इसवी सनापूर्वीची वर्षे मांडली. इ.स.पू. ५०० ते इ.स. ५०० या काळाचे तिने सरळ १००० वर्षे असे उत्तर काढले. संख्यारेषेवर शून्य असले तरी इसवी सनात शून्य वर्ष नसल्यामुळे ते अंतर ९९९ वर्षांचे होते, हे तिला पटवताना माझीच तारांबळ उडाली.

भूगोलात अडचण वेगळी आहे. कोनमापकाने कोन मोजता येत असूनही अक्षांश हे पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारे कोनीय अंतर आहे, हे तिला उमगत नाही. मोसंबीवर पेनाने वृत्ते काढून ६०° अक्षवृत्त विषुववृत्ताच्या निम्म्या लांबीचे असते हे दोऱ्याने मोजून दाखवले, ते मात्र लगेच कळले. (मोसंबी नंतर कोणीच खाल्ली नाही.)

उच्च प्राथमिक वर्गांना शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावे की, शून्य वर्षाचा घोळ टाळून कालरेषा कशी शिकवावी आणि केंद्रापाशी होणारा कोन दाखवण्यासाठी घरच्या घरी कोणते साधन करता येईल?