मदत हवी आहे: एज ऑफ एम्पायर्स २, ट्यूटन्स घेऊन ब्रिटन्सच्या तिरंदाजांपर्यंत पोचायचं कसं?

लंगडा_सरदार:
मंडळी, एज ऑफ एम्पायर्स २ डेफिनिटिव्ह एडिशन हा सैन्य उभारून लढायचा गेम खेळणारे इथे कोणी असाल तर जरा डोकं लावा. शनिवारी रात्री आम्ही घरचेच चौघं ऑनलाइन बसतो, त्यात माझी सिव्ह (खेळायला घ्यायची संस्कृती) ठरलेली, ट्यूटन्स. कारण एकच, त्यांचा खास पायदळी योद्धा ट्यूटॉनिक नाइट. समोरासमोर पॅलाडिनला, म्हणजे भारी घोडेस्वाराला पण लोळवतो गडी. एलीट केला की मेली आर्मर (जवळून होणाऱ्या वारांपासूनचं चिलखत) १०, ब्लॅकस्मिथचे तिन्ही अपग्रेड मारले की १३, म्हणजे हॅल्बर्डियर (भालेकरी) येऊन टोचत बसला तरी दर वाराला १ एचपी (जीव) जातो फक्त, बघायलाच मजा येते.

पण तो पोचतच नाही ना!! चुलतभाऊ ब्रिटन्स घेतो. इम्पीरियलमध्ये (गेमच्या शेवटच्या युगात) त्याच्या लाँगबोमनची (लांब पल्ल्याच्या तिरंदाजांची) रेंज सगळे अपग्रेड धरून १२ होते, तो दोन बाण मारतो, मागे सरकतो, परत दोन मारतो, आणि माझे नाइट वरातीसारखे रमतगमत पुढे चाललेत, पोचेपर्यंत निम्मे संपलेले. स्क्वायर्स घेतलंय, चाल वाढते पण तेवढ्याने भागत नाही. मॅप अरेबिया (मोकळं मैदान), वन ऑन वन, पॉप (माणसांची मर्यादा) २००. सिव्ह बदल असं प्लीज सांगू नका, ते त्याने सांगून झालंय आणि म्हणूनच बदलायची नाहीये.

पिठलं_रश:
पॅलाडिन काढ. विषय संपला.

तटबंदी:
पिठलं, विषय इतक्यात संपत नाही. पॅलाडिन बाण बरे झेलतो, ब्लडलाइन्स अपग्रेड धरून १८० एचपी, पिअर्स आर्मर (बाणांपासूनचं चिलखत) ७, मान्य. पण ट्यूटन्सना हजबंड्री (घोड्यांची चाल वाढवणारं अपग्रेड) नाही, त्यामुळे यांचा घोडा पण इतरांच्या मागेच, आणि नुसत्या पॅलाडिन अपग्रेडला १३०० फूड ७५० गोल्ड. शिवाय ब्रिटन हॅल्बर्डियर पुढे उभे करणारच.

सरदार, माझा प्रश्न वेगळा आहे, तू पाठलाग करतोयस कशाला? या सिव्हमध्ये पाठलागासाठी काही दिलेलंच नाही, लाइट कॅव्हलरी पण नाही तुला, नुसता स्काउट. तिरंदाज पळतात पण त्याचं टाउन सेंटर पळत नाही, सोन्याची खाण पळत नाही. तिरंदाजांवर क्लिक करणं सोड आणि सरळ या गोष्टींवर जा. मग त्याला दोनच रस्ते, एकतर उभं राहून लढायचं नाहीतर इकॉनॉमी सोडून द्यायची.

आणि त्यासाठी कॅसल पुढे बांध, त्याच्या सोन्याच्या नाकासमोर. ६५० स्टोन जातो, जाऊ दे. आता हिशोब बघ. कॅसलची मूळ रेंज ८, फ्लेचिंग आणि बॉडकिन या अपग्रेडचे दोन म्हणजे १० (तिसरं, ब्रेसर, तुला मिळत नाही), आणि इम्पीरियलमध्ये क्रेनेलेशन्स घेतलं की अजून ३. झाले १३. त्याची १२. म्हणजे ज्याच्या जिवावर तो नाचतो तीच गोष्ट तुझ्या कॅसलसमोर एकाने कमी पडते. वर क्रेनेलेशन्सनंतर आत बसलेलं पायदळ पण बाण मारतं, त्यामुळे नाइट आत ठेवले तरी फुकट जात नाहीत.

लंगडा_सरदार:
१३ चा हिशोब कधी केलाच नव्हता, भारी! पण तो ट्रेबुशे (कॅसल पाडणारं लांब पल्ल्याचं दगडफेक यंत्र) आणेल ना? ब्रिटन्सचे ट्रेब तर वॉरवुल्फ अपग्रेडमुळे अजूनच डेंजर.

तटबंदी:
आणू देत की, तेच तर हवंय. ट्रेब उघडून मांडलेला असला की जागचा हलत नाही, गुंडाळायला वेळ लागतो. म्हणजे इतका वेळ तुझ्या नाइटना गाठता येईल असं काही मैदानात नव्हतं, ते त्यानेच आणून ठेवलं. ट्रेब वाचवायचे तर लाँगबोना तिथेच थांबावं लागेल, आणि थांबलेल्या तिरंदाजांचं ट्यूटॉनिक नाइट काय करतो ते तुला मी सांगायला नको. फक्त कॅसलमधून एकेक सोडू नकोस, सगळे एकदम बाहेर.

वऱ्हाडी_विलेजर:
हे सगळं बरोबर आहे पण भाऊ तू इम्पीरियलपर्यंत थांबतोच कायले? ब्रिटन्सले कॅसल एजपासून (इम्पीरियलच्या आधीच्या युगापासून) टाउन सेंटर निम्म्या लाकडात पडते, तुम्ही स्टोन मोजत बसान तवर तो तीन टीसी (टाउन सेंटर) टाकून मोकळा. त्याले कॅसल एजमधेच दाबा लागते. तुझं शेत ३६ लाकडात होते, त्याचं ६० मधे. ते वाचलेलं लाकूड सीज वर्कशॉपमधे (वेढ्याची यंत्रं बनवायची जागा) घाल. मँगोनेल (दगडफेक यंत्र) काढ, तिरंदाजाचा घोळका दिसला का दगड.

मँगोनेल मारायले तो नाइट पाठवन. तिथं आयर्नक्लॅड घेऊन ठेवायचं, सीजले ४ मेली आर्मर जास्त भेटते. गंमत म्हणजे मँगोनेलचा दगड पण गेममधे मेलीतच धरतात, त्यामुळे त्याच्या मँगोनेलसमोर पण आपलीच टिकते. तुझा ट्यूटॉनिक नाइट पण त्याच कारणानं दगड बरा खाते, तेव्हा आपलाच दगड आपल्यावर पडला तं एवढं टेन्शन घेऊ नको.

अजून एक, रॅममधे (भिंती-इमारती फोडायचा चाकांवरचा ओंडका) नाइट बसव. ४ बसतात. आतमधे पायदळ असलं का रॅम जोरात चालते. नाइटपेक्षा जोरात नाही, पण बाण रॅमले लागतच नाहीत म्हटलं तरी चालते. टीसीजवळ पोचला का उतरव, नाही तं रॅम तुटला का आपोआप बाहेर येतात.

पिठलं_रश:
अरेबियावर चांगला खेळणारा असेल तर मँगोनेलचा दगड येताना दिसला की तिरंदाज फाकवतो. एक-दोन मँगोनेलने काही होत नाही.

वऱ्हाडी_विलेजर:
फाकवू दे ना. जेवढा वेळ तो फाकवते तेवढा वेळ बाण मारत नाही. तेवढ्यात रॅम गेला पुढे.

तटबंदी:
हे मान्य. फक्त सरदार, समोर स्किर्मिशर (तिरंदाजांविरुद्धचे भालाफेके) पण थोडे ठेव. ब्रेसर नसल्याने शेवटी कमी पडतात पण कॅसल एजमध्ये चालतात, आणि सोनं लागत नाही, ते सगळं नाइटना लागणारच आहे. आणि अरेबियाचा हट्ट नसेल तर एकदा ब्लॅक फॉरेस्ट मॅपवर बोलव त्याला. तिथे अरुंद वाटा, तिरंदाजाला मागे सरकायला जागा कमी, आणि तुझ्याकडे सीज ओनेजर (मँगोनेलचं मोठं रूप), जंगल फोडून भलत्याच बाजूने आत शिरता येतं.

लंगडा_सरदार:
ब्लॅक फॉरेस्टला तो नाहीच म्हणतो, आता कळलं का 😄 बरं, या शनिवारी आधी मँगोनेल आणि रॅम, नाहीच जमलं तर पुढचा कॅसल. शेवटचा प्रश्न, मी थोडे पॅलाडिन काढून नाइटबरोबर पाठवतो तेव्हा तेही तितकेच हळू चालतात, हा बग आहे का?

पिठलं_रश:
बग नाही. एकत्र सिलेक्ट करून पाठवलं की फॉर्मेशन सगळ्यात हळू असणाऱ्याच्या चालीने चालतं. नाइट कंट्रोल ग्रुप १, सीज २, पॅलाडिन ३. नाइट आणि सीज आधी सोड, ते अर्ध्या वाटेत गेले की पॅलाडिन दुसऱ्या बाजूने त्याच्या लाकूडतोड्यांवर घाल. आणि हो, मी पहिल्याच ओळीत सांगितलं होतं पॅलाडिन काढ म्हणून.