हिवाळी सेमिस्टर : चार सेमिनार, चार रेफराट. कोणता सोडू?

सातारकरीण
मंडळी, जर्मनीत हायडेलबर्गला एम.ए.चं पहिलं सेमिस्टर चालू आहे. कागदावर आठवड्याला फक्त आठ तास, प्रत्येकी दोन तासांचे चार सेमिनार. पण दर तासाला साठ-सत्तर पानं वाचून जायचं, त्यातही दोन सेमिनारचं वाचन जर्मनमध्ये. शिवाय प्रत्येकात एक रेफराट : अर्धा तास विषय मांडायचा आणि पुढची चर्चाही आपणच चालवायची. माझे दोन डिसेंबरच्या एकाच आठवड्यात आलेत, उरलेले जानेवारीत. फेब्रुवारीत वर्ग संपले की मार्चअखेरपर्यंत हाउसआर्बाइट, म्हणजे पंधरा-वीस पानी शोधनिबंध, तेही चार. शनिवारी बेकरीत काम करते, ते सोडणं परवडणार नाही.

संस्कृत वाचनाचा तास दोन तासांचा, पण तयारीत सगळा रविवार जातो. वसाहतकालीन दफ्तरांचा सेमिनार आवडतोय. सिद्धांतांचा डोक्यावरून जातो. चौथा आहे दख्खनच्या लोकदैवतांवर आणि तो सोडवत नाही. गुंथर सोंथायमर इथेच होते, धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करणारे. गंमत म्हणजे खंडोबाचं नाव निघालं की अख्खा वर्ग माझ्याकडे बघतो. मी कराडजवळच्या पालीला खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळलाय हे खरं, पण म्हणून मला मल्हारी माहात्म्य तोंडपाठ आहे असं नाही ना!

एक सेमिनार सोडावा का? सेमिस्टर वाढलं तर युरोपबाहेरच्यांना इथे दर सेमिस्टरला १५०० युरो फी आहे, म्हणून धाकधूक.

ग्योटिंगेनपंत
सोडण्याआधी मोड्यूल हँडबुक, म्हणजे अभ्यासक्रमाची नियमपुस्तिका, नीट वाच. सेमिनार सोडणं वेगळं आणि त्याचा निबंध न लिहिणं वेगळं. बऱ्याच अभ्यासक्रमांत रेफराटपुरते कमी क्रेडिट घेऊन निबंध टाळता येतो. तुझ्याकडे काय नियम आहे ते विभागाच्या सल्लागाराला ईमेल करून लेखी विचार. तोंडी उत्तरावर जाऊ नकोस.

हिशोब बघ. सेमिस्टरचे ३० क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तास धरले तर ९०० तास. सहा महिन्यांवर पसरले तर आठवड्याला जवळपास पस्तीस. म्हणजे फेब्रुवारी-मार्च ही सुट्टी नाहीच, एक तृतीयांश काम तिथेच आहे. चार निबंध मार्चात लिहिणारे मी पाहिलेत. दोन बरे होतात, दोन नुसते भरतात.

आणि सत्तर पानं सगळी वाचू नकोस. प्रस्तावना, शेवट आणि ज्यावर भांडता येईल असं एक प्रकरण. वर्गातले बाकीचे तेवढंच वाचून येतात, फक्त बोलतात आत्मविश्वासाने.

अनुस्वार
पंतांशी सहमत, पण संस्कृत अजिबात सोडू नकोस. सिद्धांत उन्हाळ्यातही वाचता येतो, वाचनाची सवय एकदा तुटली की पुन्हा पहिल्या श्लोकापासून. (मी संस्कृतवाली आहे, माझं मत त्या हिशोबानेच घे.)

नाताळच्या सुट्टीवर भिस्त ठेवू नकोस. ६ जानेवारीलाही तुझ्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सुट्टी असते, त्यामुळे पुस्तकं आणि सह्या दोन्ही डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याआधी मिळव. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत रिकाम्या हाताने जाऊ नये. एका पानावर प्रश्न आणि चार-पाच संदर्भ लिहून नेलेस तर दहा मिनिटांत विषय पक्का होतो.

कराडचा_किरण
पालीची यात्रा पौषात, म्हणजे तुमचा जानेवारीतला रेफराट ऐन यात्रेच्या आगेमागे येणार! विषय तोच घ्या की. खंडोबा-म्हाळसेचं लग्न, मानकरी कोण, कोणत्या गावाची कोणती काठी. हे वर्गातल्या कुणालाच मांडता येणार नाही.

ग्योटिंगेनपंत
किरणराव, कल्पना झकास, पण एक धोका आहे. 'आमच्याकडे असं करतात' एवढ्यावर रेफराट थांबला तर ती वर्गाची माहितगारच राहील, विद्यार्थिनी होणार नाही. सोंथायमर काय म्हणतात, आज काय दिसतं आणि दोन्हींत फरक का, असं उभं केलं तर तोच रेफराट पुढे हाउसआर्बाइट होईल. एका दगडात दोन.

सातारकरीण
सगळ्यांचे आभार. हँडबुक वाचलं : सिद्धांताच्या सेमिनारला निबंधाशिवायही क्रेडिट आहेत, कमी, पण आहेत. तेव्हा तिथे फक्त रेफराट. संस्कृतला तर शेवटी लेखी परीक्षाच आहे, म्हणजे निबंध उरले दोन : दफ्तरं आणि खंडोबा. मंगळवारी भेटीच्या वेळेत एक पान घेऊन जातेय.

किरण, मानकऱ्यांबद्दल एक विचारायचंय. पालीच्या यात्रेची जुनी निमंत्रणपत्रिका किंवा कार्यक्रमपत्रिका तुमच्याकडे कुणाच्या घरात सापडेल का? नव्वदच्या दशकातली मिळाली तर फारच उत्तम. मोबाइलवर फोटो काढून पाठवलात तरी चालेल, फक्त छापखान्याचं नाव आणि तारीख फोटोत येऊ द्या.