मदत हवी आहे : दिल्ली-आग्रा, सहा माणसं, आणि आडवे आलेले दोन वार

मंडळी, फेब्रुवारीच्या शेवटी भुसावळहून दिल्लीला निघतोय. आई-बाबा, आम्ही दोघं, मुलगा सातवीत, मुलगी चौथीत. मुक्काम द्वारकेला, बहिणीकडे.

घोळ माझाच आहे. पंजाब मेल वाटेत आग्रा कँटला थांबते, म्हणून म्हटलं गुरुवारी संध्याकाळी तिथेच उतरू, शुक्रवारी ताजमहाल बघू आणि रात्री दिल्ली गाठू. तिकिटं काढून मोकळा झालो. मग बहीण फोनवर म्हणाली, "दादा, शुक्रवारी ताज बंद असतो." पुढचं ऐकून तर डोकंच धरलं. सोमवारी लाल किल्ला बंद, अक्षरधाम बंद, राष्ट्रीय संग्रहालयही बंद. मंगळवारी रात्री परतीची गाडी. म्हणजे पाच दिवसांतले दोन गेले की हो!

आता प्रत्येकाचं वेगळं. आईला अक्षरधाम. मुलगी सध्या शिवरायांचा इतिहास शिकतेय, त्यामुळे तिच्या लेखी आग्रा म्हणजे मिठाईचे पेटारे, ताजमहाल नंतर. मुलाला फक्त मेट्रो. बायकोला राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान, कारण ते या दिवसांत उघडं असतं.

बाबांचं सगळ्यात अवघड. वय ७४, गुडघ्याला पट्टा. १७६० साली भाऊसाहेबांनी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून वितळवलं, ती जागा त्यांना बघायची आहे. त्यानंतर पानिपत, तिथलं काला आंब हे युद्धस्मारक. कालनिर्णयच्या फेब्रुवारीच्या पानावर त्यांनी शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात सगळं मांडलंय आणि पानिपतपुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय. मी विचारलं तर म्हणाले, "जमलं तर, नाहीतर राहू दे." हे 'राहू दे' मला चांगलं ओळखीचं आहे.

काय गाळू? आणि अक्षरधामला मोबाईल आत नेऊ देत नाहीत म्हणे. सहा जणांत चुकामूक झाली तर काय करायचं?

प्रतिसाद १
काही गाळू नका, वारांची अदलाबदल करा. आग्र्यात उतरूच नका. ती तिकिटं रद्द करून त्याच गाडीची नवी दिल्लीपर्यंतची काढा. शुक्रवारी लाल किल्ला उघडा असतो. आग्रा सोमवारी करा, त्या दिवशी ताज आणि आग्र्याचा किल्ला दोन्ही चालू. गतिमान एक्सप्रेस सकाळी निजामुद्दीनहून सुटते, पावणेदोन तासांत आग्रा, संध्याकाळी परत. ताजला पार्किंगपासून बॅटरीची गाडी मिळते. मुख्य घुमटाचे २०० रुपये वेगळे पडतात आणि वर पायऱ्या आहेत. बाबांना खाली बाकावर बसवा, तिथूनही ताज छान दिसतो. अमृत उद्यानाला पैसे नाहीत, पण ऑनलाइन नोंदणी आधीच करा. तेही सोमवारी बंद.

प्रतिसाद २
द्वारका ते अक्षरधाम निळी मेट्रो थेट जाते, बदलायची गरज नाही, मुलगा खूश. आत शिरण्याआधीच एक जागा आणि वेळ ठरवून टाका, आणि सगळ्यांच्या हातात घड्याळ हवं. लाल किल्ल्यासाठी मंडी हाऊसला उतरून जांभळी लाइन धरा, लाल किला नावाचंच स्टेशन आहे. पानिपत ९० किलोमीटरच्या आसपास आहे, गाडी करूनच जा. आईंना घरचं जेवण आठवलं तर कस्तुरबा गांधी मार्गावर नवीन महाराष्ट्र सदन आहे.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार! तिकिटं बदलली, थोडा भुर्दंड पडला. शुक्रवार लाल किल्ला, रविवार अक्षरधाम, सोमवार आग्रा, मंगळवारी सकाळी उद्यान. शनिवार मोकळा राहतोय म्हणून बाबांना सांगायला गेलो. काही बोलले नाहीत. संध्याकाळी पाहिलं तर शनिवारच्या चौकोनात पानिपत लिहिलेलं होतं, पेनाने.