मदत हवी आहे: श्रीलिपीतला मजकूर आणि फोटोवरची अक्षरं

मंडळी, रत्नागिरीतून विचारतोय. एका कॉलेजच्या वेबसाइटचं काम घेतलंय. जुन्या सूचना सगळ्या श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या फॉन्ट-पद्धतीत, टाइप केलेल्या. साइटवर चिकटवल्या की नुसती चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये (वेबवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) आणताना रफार आणि ‘ऱ्या’ हमखास बिघडतात. जोडाक्षरं न मोडणारा कन्व्हर्टर कोणी वापरलाय का? फॉन्ट ‘मुक्ता’ घेतोय, फुकट आहे आणि वाचायलाही बरा.

दुसरं, गुहागरच्या होमस्टेवाल्या काकांना समुद्राच्या फोटोवरच पांढरी अक्षरं हवीत. फेसाळ लाटेवर ती दिसणार कशी? डब्ल्यूसीएजीप्रमाणे (वेबसाइट सगळ्यांना नीट वाचता-वापरता यावी यासाठीचे निकष) साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात तेवढा फरक, लागतो. फोटो गडद केला तर काका म्हणतात, “आमचा समुद्र पावसाळी दिसतो!” अक्षरांमागे पट्टी द्यावी की फोटोच बदलायला लावावा?