मदत हवी आहे: एक्सस्क्रीनसेव्हरमधलं पाँग फोरके मॉनिटरवर अडखळतंय

मंडळी, रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक), त्यावर बुकवर्म ही लिनक्स आवृत्ती. रास्पी-कॉन्फिग या सेटिंग्जच्या साधनातल्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून वेलँड बंद करून एक्स-११ घेतलंय (दोन्ही पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या यंत्रणा), त्यामुळे एक्सस्क्रीनसेव्हर हा स्क्रीनसेव्हर वेळेवर सुरू होतो. अडचण पुढची आहे.

पाँगमध्ये नुसता चेंडू-फळीचा जुना व्हिडिओ गेम नाही. जुन्या टीव्हीचा एनटीएससी (अमेरिकी पद्धतीचा) सिग्नल सॉफ्टवेअरमध्ये तयार होतो, मग तो उलगडून मुंग्या, पसरलेले रंग असं चित्र उमटतं. हे सगळं काम सीपीयूवर पडतं, आणि खिडकी मोठी तसा भार वाढतो. टर्मिनलमधून ६४० बाय ४८० च्या खिडकीत एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) दाखवून चालवलं तर मस्त पळतं. पूर्ण पडद्यावर चेंडू उड्या मारतो. नॉइज (मुंग्यांचं प्रमाण) शून्यावर आणून फारसा फरक नाही.

एक्सरँडर या कमांडने पडद्याचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० केलं की सुधारतं, पण मग डेस्कटॉपही तसाच राहतो. सेव्हर चालू असेपर्यंतच रिझोल्यूशन खाली आणून नंतर परत चढवणारी स्क्रिप्ट कोणी लावली आहे का? एक्सस्क्रीनसेव्हर-कमांडच्या वॉच पर्यायातून ब्लँक (सेव्हर सुरू) आणि अनब्लँक (सेव्हर बंद) या ओळी पकडाव्यात, असा विचार आहे. पण मधेच रिझोल्यूशन बदलल्यावर चालू खिडकी नीट बसते का?

जाता जाता: आपल्याकडच्या टीव्हीसारखं ६२५ रेषांचं पाल (आपली जुनी टीव्ही पद्धत) चित्र कोणी जमवलंय?