मदत हवी आहे: गलाईवाल्यांची मुलं ऑनलाइन विज्ञानाच्या तासाला तोंडच उघडत नाहीत

तासवाला_विटा: नमस्कार. सात मुलं आहेत, रात्री साडेआठला तास घेतो. कॅमेरा बंद, माईक बंद. 'कळलं का?' विचारलं की अंगठा टाकतात. व्हिडिओ दाखवून झाले, प्रश्नमंजूषा झाली, बक्षिसाचं आमिषही झालं. गोडी कशी लावायची? नेमकं सांगा, पाल्हाळ नको. सोमवारी धातू-अधातू सुरू करायचंय.

जुनी_पाटी: सर, कितवीची? माध्यम कुठलं? आणि मुलं आहेत कुठं?

धपाटा८८: गोडी पाठीत धपाटा घातल्यावर लागते. ऑनलाइन घालता येत नाही, तिथंच सगळं बिघडलंय.

तासवाला_विटा: आठवी-नववी. गलाई लिहिलंय म्हटल्यावर कळेल वाटलं. कोइमतूरला आहेत, जूनमध्येच आईबापांनी नेलं. शाळा इंग्रजी, वर तमिळ. मी मराठीतनं शिकवतो, तेवढीच समजते त्यांना.

खाडीकिनारा: मी कोकणातला. गलाई म्हणजे?

जुनी_पाटी: सोनं-चांदी आटवून शुद्ध करणं. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं यासाठी देशभर पांगलीत.

नवा_चार्जर: सर, मुलांना टॅब घेऊन द्या. अणू हातात फिरवता येतो असली ॲप्स आहेत. माझा पोरगा दिवसभर त्यातच.

तासवाला_विटा: भावा, घरात फोन एक, तोही वडिलांचा. दुकान बंद झाल्यावर मिळतो. म्हणून तर तास साडेआठला.

आटणीतली_लेक: सर, मी सातवीत विट्याहून केरळात गेले होते. दिवसभर वर्गात मुकी. संध्याकाळी इथले एक गुरुजी फोनवरून शिकवायचे, 'आम्ल, आम्लारी'. त्यातल्या आम्लाला शाळेत ॲसिड, घरात पप्पांचं तेजाब. तिन्ही एकच आहे हे मला वर्षभर कुणी सांगितलं नाही. तुम्ही त्यांना दुकानातलं विचारलंय का कधी?

तासवाला_विटा: तेजाबापाशी पोरं पाठवू? जबाबदारी कोण घेणार?

आटणीतली_लेक: हात लावायला कोण म्हणतंय? तो तांबडा धूर किती वाईट, मला माहितीय. फक्त वडिलांना विचारून यायला सांगा. शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात, चांदी विरघळते, सोनं तळाशी राहतं, असं का? मग त्याच पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी परत कशी बसते?

धपाटा८८: परीक्षेत गलाई विचारत नाहीत ताई.

जुनी_पाटी: विस्थापन अभिक्रिया विचारतात की! तांबं चांदीपेक्षा क्रियाशील, म्हणून स्वतः विरघळतं आणि चांदीला बाहेर काढतं. दहावीला नेमकं हेच आहे.

धपाटा८८: ही आठवीची आहेत. पाढे येतात का आधी बघा.

द्राक्षबाग_तासगाव: आम्ही शाळा न शिकता हेच करतो राव. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारणीचं औषध, कालवून झालं की त्यात विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. लोखंडी बादलीत मोरचूद कालवायचं नाही, तेही याच्यासाठीच. बाकी यंदा छाटणी कुणी लवकर घेतलीय का?

नवा_चार्जर: मोरचूद म्हणजे निळे खडे तेच ना? घरी करता येईल?

जुनी_पाटी: तेच, त्यात तांबं असतं. येईल. चिमूटभर मोरचूद, काचेच्या ग्लासात पाणी, घासलेला खिळा. खिळ्यावर तांबं बसतं. मोठं माणूस शेजारी हवं, विषारी असतं. ग्लास परत पाण्याला वापरायचा नाही. धागा द्राक्षाचा नाही, दादा.

द्राक्षबाग_तासगाव: बरं बरं. छाटणीचं वेगळं विचारतो.

तासवाला_विटा: (पाच दिवसांनी) सोमवारी पुस्तक उघडलंच नाही. 'पप्पांच्या दुकानात मूस, म्हणजे सोनं आटवायचं भांडं, कशाची असते?' एवढंच विचारलं. दोन मिनिटं गप्प. मग एक माईक सुरू झाला, मागून बापाचाच आवाज, 'सांग की गं, घाबरतीस काय.' मग टंच (सोन्या-चांदीची शुद्धता), सवागी (टाकणखार), सगळं निघालं. सवागी टाकली की मळ वर येतो हे एकानं मला शिकवलं. तिघं मात्र अजून अंगठेच टाकतात. ताई, तुमचं बरोबर होतं, माझंच चुकत होतं.

काल रात्री त्याच मुलीचा व्हॉइस मेसेज आला. 'सर, चांदी विरघळलेल्या पाण्यात नळाचं पाणी पडलं की ते दुधासारखं होतं. पप्पा म्हणून कॅनमधलं डिस्टिल्ड पाणी आणतात. नळाच्या पाण्यात काय असतं?'

जुनी_पाटी: क्लोराइड, मिठात असतं तेच! चांदीशी मिळून पांढरा साका होतो. सांगितलंत का?

तासवाला_विटा: नाही. ग्रुपवर तसाच टाकलाय. एकानं 'मीठ?' लिहिलंय, दुसरा 'खुळ्या, नळाला मीठ कुठलं' म्हणतोय. भांडू द्या.