म्युझिक थेरपिस्ट व्हायचंय. विशारद आहे, बी.ए. मानसशास्त्र आहे. इंग्लंडला जावं का?

कोमल_निषाद

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, वय २४. गांधर्व महाविद्यालय मंडळाची गायन विशारद आणि मानसशास्त्रात बी.ए. सध्या विशेष मुलांच्या एका शाळेत गाणं शिकवते. शिकवते म्हणजे पेटी घेऊन बसते, बाकी मुलं ठरवतात. एक नऊ वर्षांचा मुलगा अजिबात बोलत नाही. पण मी सा धरला की तो टेबलावर बोटं आपटू लागतो, मी थांबले की तोही थांबतो. आमच्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अगं, हे रीतसर शिकून घे." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

नुसतं सर्टिफिकेट नको, रुग्णांसोबत काम करता येईल असं शिक्षण हवंय. ब्रिटनच्या विद्यापीठांबद्दल वाचलं. विशारद तिथे धरतात का? मला पाश्चात्त्य संगीताचा गंध नाही, त्याचं काय? दरम्यान ऑनलाइन एक 'रागचिकित्सा' कोर्स दिसला, सहा आठवड्यांचा, शेवटी 'सर्टिफाइड म्युझिक थेरपिस्ट' म्हणून प्रमाणपत्र. तो करून इथेच सुरुवात करावी का? बाबा म्हणतात, एवढे पैसे घालून परत येऊन करणार काय?

तंबोरा_जुळेना

दरबारीने झोप येते म्हणतात. आमच्याकडे ती नऊच्या बातम्यांनी येते. बाकी जाणकार सांगतीलच, वाचतोय.

कऱ्हाडची_केंब्रिजवाली

कोमल, मी कऱ्हाडची. केंब्रिजला अँग्लिया रस्किन विद्यापीठात एम.ए. केलं आणि आता इंग्लंडमध्येच काम करते. आठवड्याचे बरेचसे दिवस डिमेन्शिया झालेल्या वृद्धांसोबत, एक दिवस शाळेत. तुला अगं-तुगं करतेय, चालेल ना?

आधी तो सहा आठवड्यांचा कोर्स. करू नकोस. आवड म्हणून राग ऐकायचे तर गुरुजी आहेतच. पण ते प्रमाणपत्र घेऊन रुग्णासमोर बसू नकोस. ब्रिटनमध्ये 'म्युझिक थेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, ज्या रजिस्टरमध्ये फिजिओथेरपिस्टांची नोंद ठेवते, तिथेच आमचीही असते. नोंद नसताना ते नाव लावणं गुन्हा आहे. इथे शिकून नोंद हवी तर एचसीपीसीने मान्य केलेलं मास्टर्स करावं लागतं. लंडनला गिल्डहॉल, रोहॅम्प्टन आणि नॉर्डॉफ अँड रॉबिन्स, एडिंबराला क्वीन मार्गारेट अशी नावं तू वाचली असशील. माझ्यावर विसंबू नकोस, एचसीपीसीच्या संकेतस्थळावर मान्य अभ्यासक्रमांची यादी असते, ती बघ. आणि पूर्णवेळ अभ्यासक्रमच शोध. अर्धवेळवाले व्हिसाच्या अटींमुळे आपल्यासारख्यांच्या सहसा उपयोगाचे नसतात.

(अमेरिकेची तऱ्हा वेगळी. तिथे बॅचलर्सपासून सुरुवात, किमान १२०० तासांचं क्लिनिकल, म्हणजे रुग्णांसोबतचं, प्रशिक्षण, मग बोर्डाची परीक्षा. तुझ्या हाताशी पदवी आहे, म्हणून मी ब्रिटनचंच बोलतेय.)

विशारदचं प्रमाणपत्र जोड अर्जाला, पण खरा निकाल ऑडिशनमध्ये लागतो. तयार करून आणलेलं काहीतरी गाऊन-वाजवून दाखवायचं, आणि मग समोरचा म्हणतो, आता आयत्या वेळी वाजवा. मला सांगितलं होतं, "खोलीत एक चिडलेलं मूल आलंय, काहीच बोलत नाहीये. सुरू करा." तिथे ताना मारणारे गारद होतात. माझं ठाम मत आहे की या शिक्षणाला गवयापेक्षा साथीदार जास्त तयार असतो. पेटीवाल्याला गाणाऱ्याचा श्वास कळतो, तो कुठे रेंगाळणार, कुठे समेवर येणार, कुठे आपण गप्प राहायचं, सगळं. आमच्या खोलीत रुग्ण हा गवई आणि आपण साथीला. पॉल नॉर्डॉफ हा अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा विशेष शिक्षक १९५९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या सनफील्ड या संस्थेत मुलांसोबत हेच करू लागले. मूल रडलं, ढोल बडवला, ओरडलं, की त्याच सुरात आणि त्याच लयीत पियानो. त्यातून एक अख्खी पद्धत उभी राहिली.

म्हणून तुझ्या त्या मुलाबद्दल एक सुचवते. पुढच्या वेळी तू आधी सा धरू नकोस. पेटी पुढ्यात घेऊन नुसती बस. तो आपटेल तेव्हा त्याच्या ठोक्यावर तू ये. तो चुकार वाजवेल, मध्येच सोडेल, तूही सोड. सुरुवात कोण करतंय, यावर बरंच काही अवलंबून असतं. आणि जे होईल ते त्याच दिवशी लिहून ठेव. मुलाचं नाव न घालता. मुलाखतीत अशा नोंदींबद्दल बोलता आलं तर फार बरं.

'या रोगाला हा राग' ही यादी इथे कुणी शिकवत नाही. बागेश्रीने एखाद्या आजीला शांत वाटेल, दुसरीला तिच्या गेलेल्या नवऱ्याची आठवण येऊन हुंदका फुटेल. आपण त्या माणसाचं संगीत शोधायचं असतं. इथेही ठोकळेबाज सल्ले कमी नाहीत हं. वृद्धाश्रमात जातेस म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली गाणी शिकून घे, असं मला सगळ्यांनी सांगितलं. अरे, आज जो ८५ चा आहे तो युद्ध संपलं तेव्हा जेमतेम बालवाडीच्या वयाचा होता! त्याचं तारुण्य १९६० च्या आसपासचं, त्याला रॉक अँड रोलवाला एल्विस प्रेस्ली हवा असतो.

संशोधनही वाचावं लागतं, आणि ते नेहमी आपल्या बाजूचं नसतं. ऑटिझम असलेल्या मुलांवर नऊ देशांत एक मोठी चाचणी झाली, टाइम-ए नावाची, ३६४ मुलं, २०१७ मध्ये प्रसिद्ध. पाच महिन्यांनंतर मुख्य निकषावर थेरपीचा वेगळा असा फायदा दिसला नाही. पुढे २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासतात, तो) चित्र थोडं आशादायक आलं, पण एकूण सुधारणेबाबत, लक्षणांच्या प्रत्येक भागात नव्हे. पार्किन्सन्स आणि पक्षाघातानंतरच्या चालण्यात मात्र तालाचा उपयोग बऱ्यापैकी पक्का आहे. ठराविक ठोका दिला की पावलं त्याला धरतात. तुझ्या ओळखीत कुणी तबलजी असेल तर त्याला सांग, खूश होईल.

एक गोष्ट आपल्याकडच्यांना सहसा माहीत नसते. कोर्स चालू असताना विद्यार्थ्याला स्वतःलाही थेरपी घ्यावी लागते, बहुतेकदा स्वखर्चाने. फीच्या आकड्यात ती नसते. परदेशी विद्यार्थ्यांची फी अनेक ठिकाणी वर्षाला १५ हजार पौंडांच्या वरच, दोन वर्षं, शिवाय राहणं. बाबांचा प्रश्न चुकीचा नाही.

विशेष_शिक्षिका_पुणे

वरच्या ताईंचं पटलं, पण परत येणाऱ्यांचं कोण सांगणार? मी वीस-बावीस वर्षं या क्षेत्रात आहे. आपल्याकडे पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी विशेष शिक्षकांना मिळते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना मिळते. म्युझिक थेरपिस्ट असा वर्गच त्यांच्याकडे नाही. त्यामुळे तू इंग्लंडहून शिकून आलीस तरी शाळा तुला घेणार 'संगीत शिक्षिका' म्हणून आणि पगारही तोच देणार. कोमल, आधी बी.एड. स्पेशल एज्युकेशन कर. पायाखाली जमीन राहील. त्यानंतरही जावंसं वाटलं तर जा.

देशातच बघायचं असेल तर पुदुच्चेरीला श्री बालाजी विद्यापीठाचं म्युझिक थेरपीचं केंद्र आहे, वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात. बंगळूरला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत म्युझिक कॉग्निशनची, म्हणजे मेंदू संगीत कसं समजून घेतो याची, प्रयोगशाळा आहे. ते संशोधनाचं काम, पण बी.ए. मानसशास्त्रवाल्यांना त्या दिशेनेही जाता येतं.

कोमल_निषाद

ताई, काल तसंच केलं. पेटी घेऊन गप्प बसले. बराच वेळ काहीच नाही, मग त्याने टेबल सोडून थेट पेटीच्या झाकणावर आपटलं! लिहून ठेवलंय.

बी.एड.चं बाबांना फारच आवडलं :) पण दोन प्रश्न उरले. तिथे नोकरी कितपत मिळते? आणि कीबोर्ड शिकायचा तर कुठून सुरू करू? स्वरलिपी वाचता येते, पण आपली.

कऱ्हाडची_केंब्रिजवाली

झाकणावर! त्याने जागा बदलली, तुझ्याकडे आला. तारीख घाल त्याला.

पुण्याच्या मॅडमशी मी भांडणार नाही. परत यायचं नक्की असेल तर त्यांचं बरोबर आहे. राहायचं असेल तर ऐक. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नव्या म्युझिक थेरपिस्टला सहसा बँड ६ ही वेतनश्रेणी मिळते, पूर्णवेळ असेल तर २०२५-२६ मध्ये ती वर्षाला ३८ हजार पौंडांच्या आसपास सुरू होत होती. गोम त्या 'पूर्णवेळ'मध्ये आहे. आमच्यातले बरेच जण दोन दिवस इथे, एक दिवस तिथे असे तुकडे जोडतात. ब्रिटिश नागरिकाला ते चालतं, पण अर्धवेळ पगारावर वर्क व्हिसाची किमान पगाराची मर्यादा गाठणं कठीण. कर्ज काढायच्या आधी बाबांना हे वाचून दाखव.

कीबोर्डसाठी महागड्या क्लासची गरज नाही. उजवा हात तुझा पेटीमुळे तयार आहे, डावा आळशी असणार, कारण तो भाता मारत बसला. तीन-तीन सुरांचे कॉर्ड डाव्या हाताने धरायला शीक आणि चार सोपी गाणी घेऊन तीच प्रत्येक पट्टीत वाजव. तू काळी चारमध्ये गात असशील, पण वॉर्डातला आजोबा पांढरी दोनमध्ये गुणगुणत असतो आणि तो आपल्यासाठी पट्टी बदलत नाही. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, जुजबी आलं तरी पुरेल. गिटार येत असेल तर तीही चालते, खाटेशेजारी बसून वाजवता येते.

पेटी आणायची असेल तर हलकी आण, कपलरवाली (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही वाजते, ती) जड पेटी नको. मजल्यामजल्यावर आपणच उचलून फिरवायची असते. आणि रुग्णालयात नेण्याआधी विचार. प्रत्येक वाद्य जंतुनाशकाने पुसावं लागतं, भात्याच्या घड्या बघून इन्फेक्शन कंट्रोलवाल्या बाई नाक मुरडतात. माझी शाळेतच असते.